अलार्म ‘ऑफ’ गेला म्हणजे वाजला: इंग्रजी फ्रेजल व्हर्ब यादी पाठ न करता कशी शिकायची

‘माय अलार्म डिडन्ट गो ऑफ.’ हे वाक्य मराठी माध्यमात शिकलेल्या कोणापुढेही ठेवा. ऑफ म्हणजे बंद, हे डोक्यात इतकं पक्कं असतं की उत्तर येतं, ‘अलार्म बंद झाला नाही, वाजतच राहिला.’ बोलणारा मात्र सांगत असतो की अलार्म वाजलाच नाही, म्हणून मला उशीर झाला. ‘गो’ माहीत, ‘ऑफ’ माहीत, दोन्ही शाळेच्या पहिल्या वर्षातले शब्द. एकत्र आले की पंचाईत.

अशा जोडीला फ्रेजल व्हर्ब म्हणतात. एक साधं क्रियापद आणि त्याच्या पुढे अप, ऑफ, आऊट, डाऊन, ऑन, अवे असा एखादा चिमुकला शब्द. दोघांचा मिळून अर्थ तिसराच. हे फक्त आपल्यालाच जड जातं असं नाही. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली त्याचा प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच लिहून ठेवलं की परक्या माणसाला इंग्रजीत सगळ्यात जास्त अडचण या जोड्यांची होते.

बाजारात यांच्या याद्यांची पुस्तकं ढिगाने मिळतात. ‘टेक’चं एक पान, ‘गेट’ची तीन पानं, समोर मराठी अर्थ. स्पर्धा परीक्षेतल्या गाळलेल्या जागा भरायला त्या चालतात. बोलायला चालत नाहीत, कारण बोलताना कोणी ‘आता मी टेकची जोडी वापरतो’ असा विचार करत नाही. पायातले बूट काढायचे असतात, गॅस बारीक करायचा असतो, बस बंद पडलेली असते. तिथून सुरुवात करून शब्दाकडे यायला हवं. पुढचा सगळा क्रम त्या हिशेबाने लावला आहे.

आधी मराठी बघा

हा प्रकार आपल्याला नवा नाही. ‘चेंडू फेक’ आणि ‘चेंडू फेकून दे’ यांत किती फरक आहे. पहिल्यात तो कोणीतरी झेलणार आहे, दुसऱ्यात तो कचऱ्यात जाणार आहे. इंग्रजीत हाच फरक ‘थ्रो द बॉल’ आणि ‘थ्रो द बॉल अवे’ यांत आहे. जे काम आपण ‘देणे, टाकणे, काढणे, बसणे, ठेवणे’ यांच्याकडून करून घेतो, ते इंग्रजी त्या चिमुकल्या शब्दांकडून करून घेते.

‘मी बघून घेईन’ याचे दोन अर्थ आपण सहज ओळखतो. ‘तू जा, मी बघून घेईन’ म्हणजे सांभाळतो, आणि ‘त्याला मी बघून घेईन’ म्हणजे धडा शिकवतो. बघणे आणि घेणे या दोन शब्दांत धमकी कुठे लपली आहे, हे परक्या माणसाला कसं सांगणार? एखाद्या मागणीला आपण ‘उचलून धरतो’ तेव्हा हातात काहीच उचललेलं नसतं. इंग्रजीत त्याला ‘बॅक अप’ म्हणतात. प्रस्ताव ‘हाणून पाडतो’, ते ‘शूट डाऊन’. तक्रार ‘उडवून लावतो’, ते ‘ब्रश ऑफ’.

‘लिहिणे’ घ्या. ‘पत्ता लिहून घे’ म्हणजे ‘राइट डाऊन द ॲड्रेस’. ‘निबंध पूर्ण लिहून काढ’ म्हणजे ‘राइट आऊट’. बँकेने कर्ज बुडीत धरून खात्यातून काढून टाकलं, तर ते ‘राइट ऑफ’. तीनही ठिकाणी ‘राइट’ तेच आहे. फिरतो तो शेवटचा शब्द, म्हणून लक्ष शेवटच्या शब्दावर ठेवायचं.

तोंडात असलेल्या नामांपासून सुरुवात करा

वही घ्या आणि रोजच्या मराठीत वापरले जाणारे असे शब्द आठवून लिहा: ब्रेकडाऊन, चेकअप, ब्रेकअप, कटऑफ, टेकऑफ, बॅकअप, फॉलोअप, लॉकडाऊन, सेटअप, ड्रॉपआऊट, पिकअप. ही सगळी फ्रेजल व्हर्बपासून बनलेली नामं आहेत. म्हणजे जोड्या तुमच्याकडे आहेतच, फक्त आपण त्यांना ‘करणे, होणे’ लावून मराठीत फिरवतो. त्यांना परत क्रियापद करायचं.

‘एसटी ब्रेकडाऊन झाली’ याचं ‘द बस ब्रोक डाऊन’. ‘फॉलोअप घेतला का?’ याचं ‘डिड यू फॉलो अप?’ ‘मी तिला स्टेशनवरून पिकअप केलं’ याचं ‘आय पिक्ड हर अप फ्रॉम द स्टेशन’. इथे दोन गोष्टी टिपून ठेवा. काळ बदलतो तो फक्त क्रियापदाचा: ब्रोक डाऊन, पिक्ड अप, टुक ऑफ. ‘पिकअप्ड’ असा शब्दच नाही, तरी ऑफिसांमधून तो सर्रास ऐकू येतो. दुसरं, लिहिताना नाम जोडून आणि क्रियापद तोडून. संगणकाच्या पडद्यावर ‘लॉगिन’ हा एक शब्द नाम आहे. ‘प्लीज लॉग इन’ म्हणताना दोन शब्द लागतात.

क्रिकेटवाल्यांना एक जोडी फुकटात मिळते, पण जपून. मैदानावर ‘रन आऊट’ म्हणजे धावचीत. घरात ‘वी हॅव रन आऊट ऑफ शुगर’ म्हणजे साखर संपली. पावसाने सामना रद्द झाला की समालोचक म्हणतात, ‘द मॅच हॅज बीन कॉल्ड ऑफ.’ ठरलेली मीटिंग, संप, साखरपुडा, काहीही रद्द झालं तरी हेच ‘कॉल ऑफ’.

चिमुकल्या शब्दाचा स्वभाव ओळखा

इथे वेळ द्या. अप, ऑफ, आऊट, डाऊन हे चार नीट कळले की अनोळखी जोडीचाही अंदाज येऊ लागतो.

ऑफ म्हणजे ‘बंद’ हे समीकरण पुसून टाका आणि त्या जागी ‘सुटणे’ ठेवा. शर्टाचं बटण निघून पडलं, म्हणजे शर्टापासून सुटलं, ‘द बटन केम ऑफ’. विमान जमिनीपासून सुटतं, ‘टेक ऑफ’. आपण प्रवासाला निघतो, ‘सेट ऑफ’. बसमधून उतरतो, म्हणजे बसपासून सुटतो, ‘गेट ऑफ’. मंदीत नोकरी जाते, ‘ही वॉज लेड ऑफ’. कर्ज फेडून एकदाचे मोकळे होतो, ‘वी पेड ऑफ द लोन’. सुट्टीला इंग्रजीत ‘डे ऑफ’ म्हणतात, आणि आपली सुट्टी तरी कशातून आली, सुटण्यातूनच. आता अलार्मकडे परत या. बंदुकीतून गोळी सुटते तेव्हा ‘द गन वेंट ऑफ’. दाबून धरलेलं काहीतरी एकदम सुटलं. फटाका, बॉम्ब, अलार्म हे सगळे असेच ‘गो ऑफ’ होतात. दिवे जातात तेव्हाही ‘द लाइट्स वेंट ऑफ’, कारण वीज सुटली. ब्रिटिश माणूस नासलेल्या दुधालाही ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’ म्हणतो. सुटण्याची किल्ली त्या कुलपाला लागत नाही, ते वेगळं लक्षात ठेवावं लागतं.

आऊटसाठी ‘निघणे’ आणि ‘काढणे’ ही जोडी वापरून बघा. ‘शेजारी आपल्याच गावचा निघाला’ म्हणजे ‘द नेबर टर्न्ड आऊट टु बी फ्रॉम अवर व्हिलेज’. हे ‘टर्न आऊट’ बहुतेकांना येत नाही आणि अडखळत ‘ही वॉज ॲक्च्युअली’ वगैरे करत बसतात, तर मराठीतलं ‘निघाला’ अगदी चपखल त्याच जागी बसतं. शोधून काढणे ‘फाइंड आऊट’, डोकं लावून उत्तर काढणे ‘वर्क आऊट’ किंवा ‘फिगर आऊट’, हाकलून काढणे ‘थ्रो आऊट’. याशिवाय आऊटमध्ये पार संपण्याची छटा आहे: तिकिटं ‘सेल आऊट’ होतात, चपला ‘वेअर आऊट’ होतात, माणसं ‘बर्न आऊट’ होतात.

अप सगळ्यात पसरट आहे. वर जाणं तर आहेच: उठणे, उभे राहणे, उचलणे. त्यातूनच वाढणं येतं. ‘स्पीड अप’ म्हणजे वेग वाढव. ‘स्पीक अप’ म्हणजे जरा मोठ्याने बोल. पण रोजच्या बोलण्यात अपचं मुख्य काम आपल्या ‘टाकणे’सारखं आहे, काम पुरं करणं. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक, ताटात काही ठेवू नकोस. ‘ड्रिंक अप’ म्हणजे पिऊन टाक. ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपव. ‘टाइडी अप’ म्हणजे आवरून टाक. नुसतं ‘ईट युअर राइस’ आणि ‘ईट अप युअर राइस’ यांत तोच फरक आहे जो ‘भात खा’ आणि ‘भात खाऊन टाक’ यांत आहे. अपची तिसरी छटा उगवण्याची. बोलावलं नसताना पाहुणा उगवतो, ‘ही टर्न्ड अप अॅट डिनर टाइम’. आणि ऐन वेळी येऊ शकत नसाल तर फोनवर सांगायचं वाक्य हे: ‘सॉरी, समथिंग हॅज कम अप.’ अचानक काम निघालं. कोणतं, ते सांगावं लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

डाऊन म्हणजे खाली, कमी, आणि ‘बसणे’. ‘सिट डाऊन’ तर बसणेच. संसार-नोकरीत बस्तान बसलं, ‘सेटल डाऊन’. धंदा बसला, ‘द शॉप क्लोज्ड डाऊन’. गॅस बारीक कर, ‘टर्न द गॅस डाऊन’. डॉक्टरांनी गोड कमी करायला सांगितलं, ‘कट डाऊन ऑन शुगर’. मात्र ‘टर्न डाऊन’ माणसाला किंवा स्थळाला लागलं की नाकारणे: ‘शी टर्न्ड डाऊन द ऑफर’.

ऑनमध्ये चालू राहणं आहे: गो ऑन, कॅरी ऑन, कीप ऑन. फक्त ‘होल्ड ऑन’ म्हणजे फोनवर ‘जरा थांबा’ आणि लोकलमध्ये ‘घट्ट धरून राहा’, आणि दोन्हीत सोडू नकोस हाच भाव आहे. अवे म्हणजे दूर किंवा ‘देऊन टाक’, बॅक म्हणजे परत. हे दोन स्वतःच सांगतात, त्यांच्यावर वेळ घालवू नका.

‘इट’ कुठे बसवायचं

व्याकरणाचा एवढाच भाग आहे, पण इथे चुकलं की लगेच कानाला खटकतं.

‘पंखा बंद कर’ हे दोन प्रकारे म्हणता येतं: ‘टर्न ऑफ द फॅन’ किंवा ‘टर्न द फॅन ऑफ’. दोन्ही बरोबर. पण पंख्याच्या जागी ‘तो’ आला की एकच रस्ता उरतो: ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ चूक. इट, देम, हिम, हर, मी, अस यांपैकी काहीही असलं की ते मध्ये जातं. पिक इट अप. थ्रो देम अवे. ड्रॉप मी ऑफ. वेक हर अप. उलट कर्म लांबलचक असेल तर ते मागे ठेवा, कारण ‘टर्न द फॅन दॅट युअर ब्रदर बॉट लास्ट वीक ऑफ’ ऐकताना शेवटचा ‘ऑफ’ येईपर्यंत ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो.

मग ‘लुक आफ्टर हर’ मध्ये ‘हर’ शेवटी का? कारण ही वेगळी जात आहे. तिची जोडी फुटत नाही. आफ्टर, इनटू, फॉर, ॲट, विथ हे शब्द शेवटी असतील तर जोडी फोडायची नाही, मग इट असो की आणखी काही: लुक फॉर इट, लुक इनटू इट, डील विथ इट. अप, डाऊन, आऊट, ऑफ, अवे, बॅक असतील आणि पुढे कर्म असेल, तर बहुतेक वेळा जोडी फुटते. ऑन आणि ओव्हर दोन्हीकडे असतात. ‘पुट इट ऑन’ फुटतं, पण धक्क्यातून सावरणे या अर्थाचं ‘गेट ओव्हर इट’ फुटत नाही. बसमधून उतरतानाचं ‘गेट ऑफ’ही अपवादच, ‘गेट ऑफ इट’ असंच म्हणायचं, कारण तिथे बस ही ज्यावरून उतरायचं ती जागा आहे.

शंका आली तर ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश उघडा, दोन्ही नेटवर फुकट आहेत. तिथे जोडीसोबत ‘समथिंग’ किंवा ‘समबडी’ लिहिलेलं असतं. ते मध्ये दिसलं तर जोडी फुटते, फक्त शेवटी दिसलं तर फुटत नाही. अर्थ वाचण्याआधी ही जागा बघायची सवय लावा.

काही जोड्यांना कर्मच नको असतं: गाडी ‘ब्रेक डाऊन’ होते, मुलं ‘ग्रो अप’ होतात. इथे एक नेहमीची गल्लत. ‘मी साताऱ्यात लहानाचा मोठा झालो’ म्हणजे ‘आय ग्रू अप इन सातारा’. ‘आजीने मला वाढवलं’ म्हणजे ‘माय ग्रँडमदर ब्रॉट मी अप’. ‘शी ग्रू मी अप’ होत नाही.

तीन तुकड्यांची कुटुंबं

पुट अप विथ, कॅच अप विथ, कम अप विथ, रन आऊट ऑफ, गेट अवे विथ, लुक फॉरवर्ड टु. या फोडायच्या नाहीत, एका दमात म्हणायच्या. ‘शेजाऱ्यांचा आवाज कसा सहन करता?’ म्हणजे ‘हाऊ डू यू पुट अप विथ द नॉइज?’ ‘कल्पना सुचली’ याला ‘ॲन आयडिया केम इन माय माइंड’ असं लांबण लावण्यापेक्षा ‘आय केम अप विथ ॲन आयडिया’.

‘लुक फॉरवर्ड टु’ जरा थांबून बघा, कारण ते प्रत्येक अर्जाच्या शेवटी येतं आणि प्रत्येक दुसऱ्या अर्जात चुकतं. इथला ‘टु’ हा ‘टु गो, टु ईट’ मधला नाही. त्याच्या पुढे नाम किंवा आयएनजीवालं रूप येतं. ‘लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू’ नव्हे, ‘लुकिंग फॉरवर्ड टु मीटिंग यू’. ‘लुकिंग फॉरवर्ड टु हिअरिंग फ्रॉम यू’. ‘गिव्ह अप’ आणि ‘पुट ऑफ’ यांच्या पुढेही तेच: ‘ही गेव्ह अप स्मोकिंग’, ‘डोन्ट पुट ऑफ गोइंग टु द डेंटिस्ट’.

‘कोप अप विथ’ मात्र टाळा. भारतात ते जिकडेतिकडे ऐकू येतं, पण प्रमाण इंग्रजीत ते नाही. ‘कीप अप विथ, कॅच अप विथ, पुट अप विथ’ यांच्या सुरात सूर मिसळून हा अप घुसलेला आहे. बरोबर रूप फक्त ‘कोप विथ’.

मराठीतून थेट उचललेली वाक्यं

आता असे काही प्रसंग, जिथे मराठी शब्द सरळ इंग्रजीत घातला की वाक्य फसतं.

लाइट, पंखा, टीव्ही: आपण लावतो आणि बंद करतो, म्हणून ‘ओपन द टीव्ही, क्लोज द लाइट’ असं तोंडात येतं. ओपन-क्लोज दार, डबा, पुस्तक यांच्यासाठी. बटण असलेल्या वस्तूंना ‘टर्न ऑन, टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑन, स्विच ऑफ’.

फोन: ‘चल, ठेवते’ म्हणून ‘आय विल कीप द फोन’ म्हटलं तर समोरच्याला वाटेल तुम्ही त्याचा फोन स्वतःकडे ठेवून घेणार. फोन ठेवणे म्हणजे ‘हँग अप’. भिंतीवर अडकवायचे फोन गेले तरी शब्द राहिला. बोलता बोलता लाइन तुटली तर ‘वी गॉट कट ऑफ’. रागाने समोरच्याने ठेवून दिला तर ‘ही हंग अप ऑन मी’.

घालणे आणि काढणे: अंगावर आहे ते ‘वेअर’, अंगावर चढवण्याची क्रिया ‘पुट ऑन’. दारात उभे राहून ‘थांब, बूट घालतोय’ म्हणायचं तर ‘वेट, आय ॲम पुटिंग ऑन माय शूज’. काढायचे ते ‘टेक ऑफ’. ‘रिमूव्ह’ चूक नाही, पण तो पाटीवरचा शब्द आहे: देवळाबाहेर शोभतो, पाहुण्याला सांगताना कोरडा वाटतो.

शोधणे: किल्ली सापडत नाहीये आणि आपण घर पालथं घालतोय तेव्हा ‘आय ॲम लुकिंग फॉर माय कीज’. ‘आय ॲम फाइंडिंग’ नव्हे. सापडली की ‘फाउंड’. गाडी किती वाजता आहे याची चौकशी करून कळलं, तर ‘आय फाउंड आऊट’. वस्तू ‘फाइंड’ करतात, माहिती ‘फाइंड आऊट’ करतात.

चढणे-उतरणे: ज्यात आत उभं राहून चालता येतं, त्या बस, ट्रेन, विमानाला ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. ज्यात वाकून शिरावं लागतं, त्या कारला किंवा रिक्षाला ‘गेट इन’ आणि ‘गेट आऊट’. आपलं ‘गेट डाऊन ॲट दादर’ भारतभर कळतं, पण बाहेर ‘गेट डाऊन’ ऐकून माणसं खाली वाकतील.

फॉर्म आपण ‘फिल अप’ करतो. टाकी, बादली ‘फिल अप’ होते. फॉर्मला ब्रिटिश ‘फिल इन’ म्हणतात, अमेरिकन बहुधा ‘फिल आऊट’.

‘आय पास्ड आऊट इन २०१५’ याची गंमत सगळ्यांना ठाऊक झाली आहे: बाहेरच्यांना वाटतं हा २०१५ साली चक्कर येऊन पडला. पण म्हणून ते सरसकट चूक ठरवू नका. खडकवासल्याच्या एनडीएची ‘पासिंग आऊट परेड’ अगदी बरोबर आहे, लष्करी शिक्षण संपवणाऱ्यासाठी ब्रिटिश इंग्रजीत तोच शब्द आहे. भारतात आपण तो कॉलेजला लावला. माझं मत विचाराल तर पुण्यातल्या मुलाखतीत ‘पास्ड आऊट’ म्हटल्याने काही बिघडत नाही; लंडनच्या क्लायंटशी बोलताना ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा. ‘व्हेअर आर यू पुट अप?’ हा आपल्याकडचा लाडका प्रश्नही तसाच. बाहेर त्याऐवजी ‘व्हेअर आर यू स्टेइंग?’

इंग्रज आणि अमेरिकनांचंही आपापसांत जमत नाही. जेवणानंतर इंग्रजाने ‘आय विल वॉश अप’ म्हटलं तर तो भांडी घासणार आहे, अमेरिकनाने म्हटलं तर हात-तोंड धुणार आहे. अमेरिकेत राहणाऱ्या भाचीकडे भांड्यांच्या मदतीची आशा ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पत्रात की बोलण्यात

इंग्रजीत एकाच गोष्टीला बरेचदा दोन शब्द असतात. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे बराच काळ दरबारात, कायद्यात फ्रेंच चालली. लॅटिन विद्वानांकडे होतीच. तिथून आलेले शब्द भारदस्त झाले, जुने इंग्रजी शब्द घरात राहिले. पोस्टपोन आणि पुट ऑफ. टॉलरेट आणि पुट अप विथ. एक्स्टिंग्विश आणि पुट आऊट. इन्व्हेस्टिगेट आणि लुक इनटू. कंटिन्यू आणि गो ऑन. आपल्याकडे ‘स्थगित करणे’ आणि ‘पुढे ढकलणे’ जसे शेजारी नांदतात, तसंच.

आपली अडचण अशी की पुस्तकातून इंग्रजी शिकल्यामुळे भारदस्त शब्द आधी येतात. घरगुती मागाहून येतात किंवा येतच नाहीत. म्हणून मित्राशी बोलताना ‘आय कॅनॉट टॉलरेट धिस हीट’ निघतं. चूक काही नाही, पण सरकारी परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं. बोलताना आणि व्हॉट्सॲपवर फ्रेजल व्हर्ब आधी वापरा. अहवाल, प्रबंध, कायदेशीर नोटीस यांत एकशब्दी क्रियापद. ऑफिसच्या रोजच्या ईमेलमध्ये मिश्रण चालतं. ‘वी आर लुकिंग इनटू द मॅटर’ आणि ‘आय विल गेट बॅक टु यू बाय फ्रायडे’ ही दोन्ही वाक्यं साहेबांना पाठवण्याजोगी आहेत, आणि दुसरं तर ‘आय विल रिव्हर्ट बॅक’ पेक्षा फार चांगलं.

कानाची तयारी

वाचताना कळलेली जोडी सिनेमात ऐकू येत नाही, कारण बोलताना शब्द एकमेकांत वितळतात. ‘पिक इट अप’ हे ‘पिकिटप’ होतं. ‘टर्न इट ऑफ’ हे ‘टर्निटॉफ’. अमेरिकन माणूस ‘गेट अप’ला जवळजवळ ‘गेडप’ म्हणतो. या जोड्या स्वतः मोठ्याने अशाच जोडून म्हणा, तोंडाला सवय झाली की कानाला होते.

आघाताकडेही लक्ष द्या. फुटणाऱ्या जोडीत जोर शेवटच्या शब्दावर असतो: टर्न इट ‘ऑफ’, पिक इट ‘अप’. न फुटणाऱ्या ‘लुक फॉर इट’मध्ये जोर ‘लुक’वर. आणि जोडीचं नाम झालं की जोर पहिल्या शब्दावर सरकतो: ‘चेक’अप, ‘टेक’ऑफ, ‘ब्रेक’डाऊन. मराठी बोलीत सगळ्या अक्षरांवर सारखंच वजन टाकायची सवय असल्यामुळे हे मुद्दाम करावं लागतं.

सराव: एक सकाळ

आपल्याच दिवसाची पाच-सहा वाक्यं रोज लिहा. डोंबिवलीहून नोकरीला जाणाऱ्या बाईंची सकाळ अशी होईल:

‘माय अलार्म वेंट ऑफ ॲट फाइव्ह-थर्टी. आय वोक अप, बट आय डिडन्ट गेट अप टिल सिक्स. वी हॅड रन आऊट ऑफ मिल्क, सो आय गेव्ह अप द आयडिया ऑफ टी. आय पुट ऑन माय सँडल्स अँड सेट ऑफ. आय ड्रॉप्ड माय डॉटर ऑफ ॲट स्कूल, गॉट ऑन द ट्रेन अँड हेल्ड ऑन टु द हँडल. व्हेन आय गॉट ऑफ ॲट दादर, माय बॉस कॉल्ड: द मीटिंग हॅड बीन कॉल्ड ऑफ.’

यात ‘वोक अप’ आणि ‘गेट अप’ वेगळे का, तर पहिलं जाग येणं आणि दुसरं अंथरुणातून उठणं, आणि दोहोंमध्ये त्या बाईंचा अर्धा तास गेला. ‘ड्रॉप’ आणि ‘ऑफ’ यांच्या मध्ये मुलगी बसली आहे. ती शेवटी घालूनही वाक्य चालेल, पण ‘हर’ म्हणायचं झालं तर मध्येच. ‘हेल्ड ऑन’पुढे ‘टु’ आला, कारण काय धरलं ते सांगायचं होतं.

असा उतारा लिहिला की दुसऱ्या दिवशी त्यातल्या नामांच्या जागी इट, हर, देम घालून तेच पुन्हा लिहा. तिसऱ्या दिवशी काळ बदला, उद्याची सकाळ लिहा. नवी जोडी भेटली तर तीन गोष्टी टिपा: ती फुटते का, पुढे कर्म लागतं का, आणि कोणत्या प्रसंगात ऐकली. मराठी अर्थ हवा तर शेवटी लिहा, तोही एका शब्दात नको, ज्या वाक्यात ऐकली त्या अख्ख्या वाक्याचा. ‘गेट’च्या जोड्या सगळ्यात शेवटी ठेवा. त्या संख्येने जास्त आहेत आणि प्रत्येकीचं तऱ्हेवाईकपण निराळं, पण टेक, पुट, टर्न, कम, गो आणि लुक हाताखालून गेले की ‘गेट’च्या निम्म्या जोड्या शेवटच्या शब्दावरूनच ओळखू येतात.